चालठसा

प्रयोगशाळेच्या पडद्यावर काही सावल्या चालत होत्या. चेहरा एकीलाही नव्हता, तरी प्रत्येकीखाली नाव उमटत होतं. त्यांतल्या एका सावलीखाली ॲडव्होकेट हेमलता उपासे यांनी स्वतःचं नाव वाचलं.

"याला चालठसा म्हणतात," डॉ. इरफान बागवान म्हणाले. "पावलांची लय, कंबरेचा झोक, हातांचा हेलकावा. प्रत्येकाचा वेगळा. पण नुसता ठसा मुका असतो. तो कुणाचा, हे यंत्राला एकदा सांगावं लागतं."

"आमचं कुणी सांगितलं?"

बागवान अवघडले. "ताई, मोर्चात सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले होते ना? दृगंत कंपनीने दिलेले, चुकलेला माणूस सापडावा म्हणून. बिल्ले नाव सांगत होते, कॅमेरे चाल टिपत होते."

चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी यावी म्हणून हेमलताताईंनी उमेदीची वर्षं घातली होती. त्यांच्या मोर्चांना दृगंतने मंडप दिले, वकील दिले, कायद्याचा मसुदाही करून दिला. कायदा झाला, पेढे वाटले. चेहऱ्यांचा धंदा करणाऱ्या बाकी कंपन्या बुडाल्या आणि दृगंतने चालठसा बाजारात आणला. कायद्यात शब्द होता फक्त 'चेहरा'.

"चेहऱ्याशिवाय ओळखता येतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"त्यांना होतं."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आता मागणी एकच, माणसाला कशावरूनच ओळखायचं नाही."

"पण मोर्चा काढलात तर नवे हजारो ठसे मिळतील त्यांना."

"मग चालायचंच नाही. बसायचं."

सोमवारी माणसं रिक्षांनी आली आणि विधानभवनासमोर डांबरावर बसली. बिल्ले नव्हते. दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ अदबीने पुढे आला.

"ताई, दृगंतचा तुम्हाला पाठिंबा आहे. या उन्हात वयस्कर मंडळी खाली बसलीत, बघवत नाही. खुर्च्या आणल्यात. फक्त घेताना नाव सांगा, म्हणजे गोंधळ नको."

ताईंनी शेजारी बसलेल्या बागवानांकडे पाहिलं. "बसण्याचाही ठसा असतो का हो?"

"असतो," ते हळूच म्हणाले. "श्वासागणिक भार सरकतो, खुर्ची तो टिपते. नाव जोडलं की झालं."

"अरे, घेऊ नका!" ताई ओरडल्या, पण घोषणा देऊन देऊन आवाज पार बसला होता. गुडघ्यांवर हात टेकून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. तोवर टेम्पोपाशी रांग लागली होती, आणि जो तो खणखणीत आवाजात आपलं पूर्ण नाव सांगत होता.