चालेल आणि हवं

"खिळा कुणी काढला?"

त्याचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी रस्त्याच्या कडेला फुसक्या चाकाशेजारी उभी, गाडीत दोन मजली केक, आणि मी फोन करून बोलावलेला हा टायरवाला गुडघ्यावर बसून भोकात बोट घालून विचारत होता.

"मी," मी म्हटलं.

"का?"

"टोचला होता म्हणून."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसू आलं होतं, पण ओठांत दाबलं.

"मॅडम, खिळा भोक बुजवून बसलेला असतो. तो काढला नसतात, तर रडतखडत का होईना, गाडी दुकानापर्यंत पोचली असती. असू दे. स्टेपनी काढा, बदलून देतो."

स्टेपनी घरी होती. केकचे खोके डिकीत मावेनात, म्हणून मीच ती उतरवून गॅलरीत ठेवली होती आणि आईने तिच्यावर तुळतुळीत पानांची एक कुंडीही ठेवली होती. हे सगळं मी त्याला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. "गॅलरीत पंक्चर व्हायची भीती नाही."

अनोळखी माणसाने चेष्टा केलेली मला खपत नाही. एरवी चांगलं सुनावलं असतं. पण एक आजोबा ऐंशीव्या वाढदिवसाच्या केकची वाट बघत होते आणि उन्हाने क्रीमला घाम फुटायला लागला होता. त्याने न विचारताच केकचा खोका उचलला, आपल्या व्हॅनमध्ये नेला आणि मला म्हणाला, "बसा. मांडीवर घ्या. हळू नेतो."

आणि खरंच हळू नेलं. प्रत्येक खड्ड्यापाशी तो असा थांबायचा, जणू मागे कुणाचं तान्हं बाळ झोपलंय. वाटेत पावसाची एक हलकी सर आली. काचेवरून थेंब ओघळत होते, व्हॅनमध्ये रबराचा आणि व्हॅनिलाचा वास एकमेकांत मिसळला होता. केक पोचला तेव्हा वरचा एकही गुलाब हललेला नव्हता. मी गुलाब मोजले आणि मग चोरून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकान त्याच्या मामांचं. मामा गल्ल्यामागे बसलेले, माझी गाडी जॅकवर चढलेली. हवा गेलेली असताना मी "एवढं वळण घेऊ, मग बघू" म्हणत गाडी दामटली होती, त्यात टायरच्या बाजू चिरडून गेल्या होत्या. बाकीचे तीनही झिजलेले निघाले. म्हणजे चारही नवे.

"स्टेपनी काही तुम्ही परत ठेवणार नाही," तो म्हणाला.

"खोके कुठे ठेवू मग? डोक्यावर?"

"म्हणूनच दोन वाटा आहेत." त्याने दोन टायर माझ्यासमोर उभे केले. "हा रनफ्लॅट. याच्या बाजू इतक्या टणक की सगळी हवा गेली तरी गाडी तोलून धरतो. बेताने चालवलीत तर केक पोचवून दुकानापर्यंत याल. पण हवा गेल्याचं वरून कळत नाही, त्यामुळे गाडीत सेन्सर हवाच. आणि स्वभावाने कडक. रस्त्यातला खड्डा थेट तुमच्या पाठीला कळवणार."

"आणि हा?"

"हा सेल्फ सीलिंग. आतून चिकट थर असतो. खिळा घुसला की थर त्याला बिलगतो, हवा बाहेर जाऊ देत नाही. खिळा काढला तरी भोक मिटवून घेतो. चालायला मऊ. पण बाजू फाटली किंवा मोठं भगदाड पडलं, तर याच्या हातात काही नाही. मग मला फोन. कुठला हवा?"

"तुम्ही सांगाल तो. कुठलाही चालेल."

"चालायला दोन्ही चालतात, टायरच आहेत. तुम्हाला कुठला हवा?"

इथे माझी गाडी अडली. लोकांच्या मनातलं काढून घेण्यात मी पटाईत. गिऱ्हाईक नुसतं "छानसा केक" म्हणतं आणि दहा प्रश्नांत मी त्याच्याकडून रंग, चव, मजले सगळं वदवून घेते. पण मला कुणी विचारलं, की माझ्या तोंडून एकच शब्द निघतो. खिडकीतली जागा? कुठलीही चालेल. चहा की कॉफी? काहीही चालेल. आई म्हणते, "तुला काय हवंय ते तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं."

"अरे, घाल काहीतरी," मामा गल्ल्यावरून म्हणाले. "जॅक अडकून पडलाय."

"थांबा मामा." तो अजून माझ्याकडेच बघत होता, शांतपणे. घाई म्हणून नव्हतीच त्या माणसाला. "असं करू. मामांच्या गाडीला रनफ्लॅट आहेत, आपल्या व्हॅनला सेल्फ सीलिंग. तुम्ही दोन केक करा, अगदी सारखे. खाणीकडच्या रस्त्याला घेऊन जाऊ. केकच सांगतील."

मला हे हास्यास्पद वाटलं. मी रविवारी सकाळी दोन केक घेऊन हजर झाले.

आधी मामांची गाडी. खाणीच्या रस्त्याला माझे दात एकमेकांवर वाजले. डिकी उघडली तर दोन गुलाब घसरून कडेला गेलेले आणि तिसरा चौथ्याच्या खांद्यावर मान टाकून बसलेला. मग व्हॅन. तोच रस्ता, तेच खड्डे. गुलाब जागच्या जागी. एकच जरासा कलला होता.

"हा आधीपासूनच वाकडा होता," तो म्हणाला.

"माझा गुलाब कधी वाकडा नसतो."

"मग माझं वळण वाकडं असेल."

घसरलेला केक आम्ही तिथेच एका दगडावर बसून खाल्ला. चमचे आणायला मी विसरले होते. त्याने व्हॅनमधून पाण्याची बाटली आणि साबण काढला आणि बोटं लालबुंद होईपर्यंत हात घासले, आणि तरीही केकला हात लावताना संकोचला. नखांच्या कडांना काळी रेघ राहिली होती. मला ते हात आवडले. हे मी मनात म्हटलं, अर्थातच.

"मग?" तो म्हणाला. "कुठला हवा?"

"मऊ."

"म्हणजे?"

"मऊ… हवा."

परीक्षा पास झाल्यासारखा आनंद त्याला झाला. मग एकदम कान खाजवत म्हणाला, "पण याची एक खोड आहे. खिळा घुसला तरी सांगत नाही. आत ठेवून चालत राहतो. म्हणून अधूनमधून येऊन दाखवावं लागतं. म्हणजे… तुम्हाला जमेल तसं."

"चालेल," मी म्हटलं आणि जीभ चावली.

त्यानंतर मी हवा बघायला जायला लागले. सुरुवातीला महिन्याने, मग आठवड्याने, मग रस्ता तिकडून जात नसला तरी. जाताना केकच्या कापलेल्या कडा डब्यात घालून न्यायचे. तो स्टूल पुसून ठेवायचा. चाकातल्या हवेच्या नळीचं टोपण काढून मुठीत धरायचा, तपासून झालं की परत बसवायचा. एकदा मी म्हटलं, "द्या, मी लावते." टोपण त्याच्या तळव्यात कोमट झालं होतं. तेवढ्यावर माझा तो दिवस गेला.

"एवढी हवा तपासलेली गाडी जगात दुसरी नसेल," मामा डब्यातली कड उचलत म्हणाले. "एक दिवस फुगा होऊन उडणार ती."

आणि मग एका दुपारी तो टोपण बसवून झाल्यावरही ते फिरवतच राहिला.

"मामा दुसऱ्या गावात दुकान काढतायत," तो चाकाकडे बघत म्हणाला. "मी जाऊन सांभाळावं म्हणतात. उद्या सांगायचंय त्यांना." मग त्याने मान वर केली. "जाऊ का मी?"

मला काय हवं होतं ते त्या क्षणी मला लख्ख माहीत होतं. आयुष्यात इतकं लख्ख कधी काही माहीत नव्हतं. आणि माझ्या तोंडाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, उत्तर दिलं,

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझं काय… चालेल."

या वेळी त्याने "तुम्हाला काय हवंय" असं विचारलं नाही. "बरं," म्हणाला, आणि हात पुसत आत गेला.

घरी येऊन मी क्रीम फेटायला घेतलं. फेटत राहिले, फेटत राहिले, आणि भांड्यात बघते तर लोण्याचे गोळे. इतकी वर्षं केक करतेय, असं कधी झालं नव्हतं. आई दारात उभी होती.

"कुणाचा राग काढतेयस त्या क्रीमवर?"

"कुणाचा नाही."

"टायरचा का?"

मी मिक्सर बंद केला आणि सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, तेही येऊ दिलं. आईने लोण्याचं भांडं बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "जाणारा माणूस जातो म्हणून सांगतो. 'जाऊ का' म्हणून विचारत नाही. त्याने विचारलं, आणि तू चालेल म्हणालीस. धन्य आहेस. लहानपणी निळा फ्रॉक हवा असताना लाल चालेल म्हणालीस आणि तो फाटेपर्यंत त्याच्या नावाने मुसमुसलीस. या खेपेला मी काही मुसमुसणं ऐकून घेणार नाही."

सकाळी दुकान उघडताच मी गाडी आणून उभी केली. मामा गल्ल्यावर होते. तो बाहेर आला. रात्री झोपला नसावा, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

"हवा?" त्याने नेहमीसारखं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चाकापाशी बसला. टायरवरून हात फिरवता फिरवता त्याचं बोट थांबलं. "हे बघा. खिळा."

रबरात खिळ्याचं डोकं चकाकत होतं, घासून गुळगुळीत झालेलं.

"कधी घुसला?"

"मला कळलंच नाही," मी म्हटलं.

"नाहीच कळत. हा सांगत नाही ना." त्याने पक्कड उचलली. "काढू?"

"काढा. मी आता हात लावत नाही."

त्याने खिळा ओढून काढला आणि त्या जागी साबणाचं पाणी सोडलं. हवा निसटत असेल तर बुडबुडे येतात. आम्ही दोघं वाकून बघत होतो, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. एकही बुडबुडा आला नाही.

"मिटलं," तो हळूच म्हणाला. "हवा एकदा बघून घेतो."

"हवा नको."

"मग काय हवंय?"

शेवटी विचारलं त्याने. 'काही नाही' जिभेवर येऊन बसलं होतं, ते मी गिळलं.

"तू," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तू. "मला… तू हवा आहेस."

तो बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ते पहिल्या दिवशी दाबलेलं हसू आलं. "मी हवा आहे?"

"शब्दात पकडू नकोस. मोठ्या मुश्किलीने बोलतेय."

"काल चालेल म्हणालात."

"काल खोटं बोलले. नाही चालणार. तू गेलेला मला अजिबात चालणार नाही."

त्याने पक्कड खाली ठेवली. "मला जायचंच नव्हतं," तो म्हणाला. "पण मी इथे असणं कुणाला तरी हवं असायला नको? मामांना नुसता माणूस लागतो. मला तुझ्याकडून ऐकायचं होतं."

"मग पुन्हा विचारायचंस की काल."

"भीती वाटली. तू पुन्हा चालेल म्हणाली असतीस तर?"

"म्हणजे तिकडे मीच जायचं ना?" आतून मामांचा आवाज आला. "तसं स्पष्ट सांगा, मी सकाळपासून फोन हातात धरून बसलोय."

आम्ही दोघंही हसलो. त्याने खिळा कागदात गुंडाळून डब्यात टाकला, पुन्हा कुणाच्या चाकात जायला नको म्हणून. मग साबणाचा हात पँटला पुसून माझा हात धरला. हात अजून ओलाच होता.

"संध्याकाळी फिरायला जाऊ," तो म्हणाला. "कुठे जायचं?"

"कुठेही चा…" मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

"खाणीकडच्या रस्त्याला," मी म्हटलं. "व्हॅनमधून. हळू."

"हळूच नेतो," तो म्हणाला.