एकूण म्हणजे?

एरंडोलहून गावाकडे जाणारी सकाळची एसटी खचाखच भरली होती. मोनालीला जेमतेम जागा मिळाली, तीही एका अनोळखी तरुणाशेजारी.

"बरं वाटत नाहीये का?" तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं.

"आज माझ्या तिसरीची चाचणी आहे… सरकारी सर्वेक्षण." ती बोलतच सुटली. "गेल्या वेळी आमची शाळा केंद्रातल्या सगळ्या शाळांत शेवटची आली. यंदाही तसंच झालं तर पालक मुलं काढून घेणार. मग शाळा बंदच की! आणि चाचणीला बाहेरून कुणीतरी येणार… खडूसच असेल."

"असेल," तो गालात हसला, "पण दिसायला बरा असेल कदाचित."

गाव आलं. तो तिच्या मागोमाग उतरला, मागोमाग शाळेत शिरला आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, "मी हितेंद्र. चाचणी घ्यायला धुळ्याहून आलोय."

मोनालीचे कान तापले.

वर्गशिक्षिकेला आत थांबायची परवानगी नव्हती. ती व्हरांड्यात, दाराजवळ उभी राहिली. हितेंद्र प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होता.

"एका टोपलीत चौदा केळी, दुसरीत बारा. एकूण किती?"

दिपमालानं हात वर केला. "सर… एकूण म्हंजे?"

मोनाली वर्गात नेहमी 'मिळून' म्हणायची. दिपमालाच्या घरी अहिराणीत म्हणत 'बठ्ठा'. एवढा एकच शब्द! हितेंद्रनं दाराकडे पाहिलं. तोही खानदेशातलाच, शब्द त्यालाही ठाऊक होता. सांगा ना… मोनालीचे डोळे विनवत होते. तो शब्द तिच्याही जिभेवर आला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"मला सांगता येत नाही, बेटा," तो हळूच म्हणाला. "पुन्हा वाचतो…"

चाचणी संपली. दिपमाला रडतच बाहेर आली. हितेंद्र तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बठ्ठा मिळीसन कितला व्हयनात, माय?"

"सव्वीस!" ती हुंदक्यातच म्हणाली.

मोनालीनं तिला जवळ घेतलं आणि हितेंद्रकडे न बघता ती वर्गात निघून गेली.

शाळा सुटल्यावर थांब्यावर दोघंच होते.

"तो एक शब्द सांगितला असतात तर काय बिघडलं असतं?" तिनं विचारलं.

"पोरं नेमकी कुठं अडतात, ते वर कुणाला कळलंच नसतं. मी शिंदखेड्याचा… मीही असाच अडायचो. आज सगळं कळवणार आहे."

"त्यानं निकाल बदलेल?"

"माहीत नाही." तो तिच्याकडे वळला. "पण तुम्ही का नाही सांगितलंत? मी अडवू शकलो नसतो."

"कॉपी करू नका, असं रोज मीच सांगते त्यांना…" तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही ओठ मिटून उभ्या होतात ना… तेव्हा मी पुढचा प्रश्न वाचताना ओळच चुकलो."

"कशामुळे?"

"तुमच्यामुळे."

ती पदराशी चाळा करत राहिली. लांबवर एसटीचा धुरळा दिसू लागला.

"रविवारी जळगावला भेटायला येऊ?" त्यानं धीर करून विचारलं. "मेहरूणच्या तलावावर… चाचणीबिचाणी नाही. मला तुम्ही आवडलात, म्हणून."

एसटी येऊन थांबली. मोनालीनं पायरीवर पाऊल ठेवलं आणि वळून पाहिलं.

"या… पण उशीर नका करू हं. वाट बघताना माझा जीव फार घाबरतो."