राजाच्या वाटचा मार

ही घटना खरी आहे. रचलेली असती तर मी त्यात स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांची आधीच माफी मागतो. आमचं वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होतं. त्यामुळे जे घडलं ते रविवारी दुपारी चार वाजता, वरच्या मजल्यावर, लख्ख उजेडात घडलं. पंखा चालू होता. खाली एक आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते.

वाचनालयात माणूस फिरकेना म्हणून ग्रंथपाल बाईंनी वाचक मंडळ काढायचं ठरवलं. विषय, राजघराणी. का? कारण एकाच कपाटाची किल्ली सापडली होती, आणि त्यात राजेच राजे होते.

आम्ही चौघं जमलो. बाई, एक निवृत्त मास्तर, गाडी शिकवणारे एक काका आणि मी. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. वाचनाशी माझा संबंध एवढाच की लोकांची पुस्तकं माझ्या हातून काचेवर पालथी पडतात.

वातावरणनिर्मितीसाठी बाईंनी अडगळीतून एक उंच पाठीची खुर्ची काढली. हातांवर सिंह कोरलेले. पॉलिश गेल्यामुळे मांजरं वाटायची.

खुर्चीच्या पायाला साखळीने एक बुटकं स्टूल बांधलेलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाय ठेवायला असेल," बाई म्हणाल्या.

"पायाला साखळी?"

"राजांचं काही सांगता येत नाही."

दुसऱ्या रविवारी मास्तर वाचत होते. पुस्तकात लिहिलं होतं... राजपुत्राच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती नसे. पण अभ्यासात चुकला तर शिक्षा तर व्हायला हवी. मग त्याच्या शेजारी दुसरा कोणीतरी बसवलेला असे. चूक याची, वळ त्याचे.

मास्तर थांबले.

आम्ही चौघांनी स्टुलाकडे पाहिलं.

स्टुलाचा मधला भाग झिजून खोलगट झाला होता. एकच माणूस वर्षानुवर्षं बसल्यासारखा.

आता शहाणी माणसं इथे चहा प्यायला उठली असती. आम्ही नियम केला.

झालं असं, की परदेशी राजांची नावं वाचताना आमची बोबडी वळायची, आणि मास्तरांना चुकीचं वाचन म्हणजे पायात खिळा. म्हणून ठरलं. जो वाचेल तो त्या दिवशीचा राजा. त्याने आपला एक वाटेकरी नेमायचा, म्हणजे त्याच्या वाटचा मार खाणारा. दर चुकीला मास्तर स्टुलावर लाकडी पट्टी आपटणार.

"मी बसतो स्टुलावर," काका म्हणाले. "गुडघ्याला बरं पडतं."

"तुम्हाला नाही बसता येणार," मास्तर म्हणाले. "आळीपाळीने आपण सगळेच राजे. राजाला मारता येत नाही. बाहेरच्या कोणाचं तरी नाव लिहा, चिठ्ठी डब्यात टाका. आणि एकदा नेमला की नेमला. दर वेळी नवा कुठून आणायचा?"

पहिली पाळी माझी.

मी ताईचं नाव लिहिलं. विचार वगैरे केला नाही. सवयीनं लिहिलं.

बसलो. वाचायला लागलो. पहिल्याच राजाच्या नावात अडखळलो. मास्तरांनी पट्टी उचलली.

फट्ट.

सगळे हसले. मीही. सहाव्या चुकीला मास्तरांचा खांदा भरून आला. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि दंड चोळत बसले.

मी पुढच्या ओळीत चुकलो.

फट्ट.

पट्टी टेबलावर होती.

मास्तरांचे दोन्ही हात मला दिसत होते.

"पंख्याचा आवाज असेल," बाई म्हणाल्या.

मी पंख्याकडे बघत बघत पुढचं नाव वाचलं. अर्थातच चुकलं. फट्ट... आणि त्यानंतर आणखी एक आवाज. कोणीतरी ओठ घट्ट दाबून श्वास आत ओढला.

स्टुलावर कोणी नव्हतं.

तो श्वास मी ओळखला. तरी वाचत राहिलो, कारण पान संपायला चारच ओळी उरल्या होत्या. एकूण चुका अकरा. हे मी मुद्दाम सांगतोय.

माझी ताई घड्याळं दुरुस्त करते. जिन्याखाली तिचं दुकान आहे, एक माणूस आणि अर्धं गिऱ्हाईक मावेल एवढं. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसापेक्षा बारीक स्प्रिंग उचलते. सगळा खेळ बोटांचा.

मी गेलो तेव्हा चिमटा खाली पडलेला होता. तिने तळहात पुढे केले.

लाल, फुगलेले वळ. डाव्यावर पाच, उजव्यावर सहा.

"कशाची तरी अॅलर्जी आली बघ," ती म्हणाली. "सरळ रेषेत."

मी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण मला खोटंही धड वाचता येत नाही. सगळं सांगितलं. तिने भिंग काढलं नाही. एका मोठ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

"माझंच नाव का लिहिलंस?"

"सुचलं ते लिहिलं."

"बरोबर आहे. लहानपणी काच तू फोडायचास आणि आई फुंकणी घेऊन माझ्याकडे यायची. तू मोठी ना, तुझं लक्ष कुठे होतं? आणि तू दाराआडून मोजायचास."

"मी लहान होतो ताई."

"आज किती मोजलेस?"

मी खाली पडलेला चिमटा उचलून तिच्यासमोर ठेवला.

"नाव काढून टाक," ती म्हणाली.

मी धावत वाचनालयात गेलो. डबा उघडला. माझी चिठ्ठी फाडली, गिळली. कागद बरा नव्हता. दुसऱ्या दिवशी डबा उघडून पाहिला... चिठ्ठी आत. माझंच अक्षर.

मग सोपा उपाय केला. मंडळात जाणं बंद.

तीन रविवार शांततेत गेले. चौथ्या रविवारी चारच्या सुमारास मी ताईला खाण्याचा डबा द्यायला दुकानात गेलो होतो. ती एका जुन्या घड्याळाची तबकडी बसवत होती. एकदम तिचा हात झटकला गेला.

फट्ट.

तबकडी जमिनीवर. मग दुसरा हात. फट्ट. तिने ओठ दाबले, श्वास ओढला. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले. वळ माझ्या बोटांच्या आत उमटत होते. मला काहीच लागत नव्हतं.

सात.

मी मास्तरांना फोन लावला.

"आज तुझी पाळी होती," ते म्हणाले. "गैरहजर राजाची पानं चुकलेली धरायची असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"बहुमताने. काकांनी सूचना मांडली."

"मास्तर, इथे माझ्या बहिणीचे हात फुटलेत."

"कल्पना आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "काकांच्या मेव्हण्याचेही फुटलेत. बाईंनी तर वाचनालयाच्या सचिवांना नेमलंय. बाई हल्ली स्वतःच्या गावाचं नावसुद्धा चुकीचं वाचतात. काय सुरेख प्रगती आहे त्यांची."

मागून बाईंचा आवाज आला. त्या कुठल्यातरी राणीचं नाव सावकाश, चवीने मोडत होत्या. मग फट्ट. मग सगळ्यांचं हसू.

मी फोन ठेवला. ताई बोटं उघडायचा प्रयत्न करत होती. अंगठा वळत नव्हता.

"राजाला मारता येत नाही, असंच म्हणाले ना ते?" तिने विचारलं.

"हो."

"मंडळात यायला काय लागतं?"

"फॉर्म."

"आण."

पुढच्या रविवारी ताई दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आली. मास्तरांनी फॉर्म तीनदा वाचला. नियमात बसत होतं. नियम त्यांचाच होता. ती खुर्चीवर बसली, तेव्हा साखळी आपोआप थोडीशी ओढली गेली... स्टूल तिच्या बाजूला सरकलं. एखादं कुत्रं नव्या मालकाकडे सरकतं तसं.

बाईंनी डबा उघडला. माझी चिठ्ठी कोरी झाली होती.

"तुझी जागा रिकामी झाली," मास्तर मला म्हणाले. "लिही कोणाचं तरी. कोरी चिठ्ठी चालत नाही."

"नाही लिहिलं तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका हळूच म्हणाले, "वाटेकरी नाही तो राजा कसला रे? मग तुला मारता येईल."

मी एक नाव लिहिलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

ताईनेही एक चिठ्ठी लिहिली. वाकड्या मुठीत पेन धरून, वेळ घेऊन. मी वाकून बघायला गेलो तर तिने हात आडवा धरला.

"तू राजा आहेस ना आता?" ती म्हणाली. "नाहीतर तुझंच लिहिलं असतं."

आणि ती वाचायला लागली. ताई फार सुंदर वाचते. दोन पानं एकही चूक नाही. मला वाटलं, संपलं सगळं. देवमाणूस आहे आपली ताई.

तिसऱ्या पानावर ती थांबली. माझ्याकडे बघून किंचित हसली. मग एक साधं, तीन अक्षरी नाव तिने चुकीचं वाचलं.

फट्ट.

श्वास ओढण्याचा आवाज आला नाही. या वेळी कोणीतरी रडलं. म्हाताऱ्या माणसासारखं, आश्चर्य वाटल्यासारखं.

ताईने डोळे मिटून ते ऐकून घेतलं. आणखी दोन चुका केल्या. मग पुस्तक माझ्याकडे दिलं.

मला वाचावंच लागलं. मी किती चुकलो ते या वेळी मोजलं नाही.

ताईचे हात आता बरे आहेत. अंगठा अजून पूर्ण वळत नाही, त्यामुळे ती भिंतीवरचीच मोठी घड्याळं घेते. मंडळाचे सभासद एकेचाळीस झालेत. लोक मारायला येतात तसेच मार चुकवायलाही येतात. बाईंना वाचनप्रसारासाठी सत्काराचं बोलावणं आलंय.

घरी आम्ही तिघंच. त्यात दोघं राजे.

आई त्या रविवारपासून भांडी घासायचे रबरी हातमोजे काढत नाहीये. टीव्ही बघतानासुद्धा नाही. जेवताना चमचा दोन्ही मनगटांत धरते. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, थंडी वाजते.

तिच्यासाठी सभासदत्वाचा फॉर्म मी आणलाय. माझ्याच दुकानातून काढलेली प्रत. ती सही करेल आणि सुटेल. पण मग तिलाही एक नाव लिहावं लागेल, आणि माझी चिठ्ठी पुन्हा कोरी होईल, कदाचित ताईचीही. तो फॉर्म पंधरा दिवस माझ्या बॅगेत आहे.

ताईने चिठ्ठीत कोणाचं नाव लिहिलं, ते मला माहीत नाही. मी तिला विचारणारही नाही.

मी कोणाचं लिहिलं, ते मला माहीत आहे.