शेवटच्या खुर्चीवरचे पाय

तो पंखा बंद करा आधी. त्याच्या खडखडाटात मला ओरडून बोलावं लागतं आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. ती रिकामी खुर्चीही भिंतीला लावा. लावा म्हणतोय ना.

तुमच्यातले दोघं त्या फिरत्या युवा पथकात जायचं म्हणताय असं फादर सांगत होते. जा, जरूर जा. पोरं चांगली असतात तिथली. वर्षभर घरदार सोडून व्हॅनमधून एकेका चर्चचं धर्मग्राम पालथं घालायचं, तरुणांची शिबिरं घ्यायची, घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची, रात्री कुणाच्याही घरी अंग टाकायचं, हे काही खायचं काम नाही. माझा भाचा गेला होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा. वर्ष पुरं न करताच परत आला. आईला म्हणाला, तब्येत मानवेना. खरं काय ते फक्त मला सांगितलं, तेही अशाच एका रात्री.

त्यांच्या पथकाचा एक म्होरक्या होता. सगळे त्याला दादाच म्हणायचे. उंच, गिटार वाजवणारा, आवाज असा की ऐकणाऱ्याने विरघळावं. शनिवारी रात्री शिबिराचा शेवट त्याच्या साक्षीने व्हायचा. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. दादाची साक्ष त्याच्या धाकट्या भावाची होती. लहानपणापासून साखरेचा आजार, पुढे पाय सडले, नातेवाईक नाक दाबून दारातूनच परत जायचे. "आणि मी," दादा म्हणायचा, "मी रोज रात्री ते पाय माझ्या या हातांनी धुतले. त्या पायांत मला प्रभू दिसला." इथे त्याचा आवाज फुटायचा, खिशातून रुमाल यायचा, आणि सभागृहभर मुसमुसणं सुरू. माझ्या भाच्याने ही साक्ष आपल्या चर्चमध्ये ऐकली, तीन दिवस नीट जेवला नाही, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं चांगलं चाललेलं काम सोडून पथकात गेला. बहिणीने आकाशपाताळ एक केलं. ऐकतोय कोण!

साक्षीनंतर दिवे घालवायचे. एकच मेणबत्ती. पोरंपोरी अनवाणी, डोळे मिटून खुर्च्यांवर रांगेत बसणार आणि पथकातली मंडळी गुडघ्यांवर सरकत एकेकाचे पाय धुणार, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. दादाचा एक कडक नियम होता. धुताना मान वर करायची नाही. पाय कुणाचे ते बघायचंच नाही. गरीब-श्रीमंत, ओळखीचा-अनोळखी, सगळं सारखं. कल्पना छानच आहे की नाही? माझ्या भाच्यालाही तशीच वाटायची.

तर दोन वर्षांपूर्वीचा मार्च, दुसरा शनिवार. पथक पहिल्यांदाच दादाच्या स्वतःच्या गावी आलं होतं. व्हॅनमधून सामान उतरवताना भलामोठा स्पीकर पाय धुण्याच्या प्लॅस्टिकच्या टबावर पडला आणि टबाचे दोन तुकडे झाले. दादा भाच्याला म्हणाला, "माझं घर मागच्याच गल्लीत आहे. आई देईल एखादं भांडं. मला माइक बघायचाय." सकाळपासून गावात होता, पण गडी घरी फिरकला नव्हता.

भाचा गेला. बाहेरच्या खोलीत दादाची आई शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसली होती. तिने आधी त्याच्या पाठीमागे बघितलं.

"तो नाही आला?"

"कामात आहेत, काकू. एक मोठं भांडं हवं होतं, पाय धुवायला."

ती आतल्या खोलीत गेली आणि खाटेखालून एक पांढरं इनॅमलचं तसराळं घेऊन आली. काठाचे टवके उडालेले. "हेच आहे मोठं. धाकट्याचे पाय यातच धुवायचे मी."

आमचं येडं बोलून गेलं, "दादा धुवायचे ना? ते सांगतात नेहमी."

"काय सांगतो?"

मग भाच्याने सगळं सांगितलं. दर शनिवारी सांगतात, लोक रडतात, मी त्यामुळेच पथकात आलो. त्याला वाटलं माउलीला बरं वाटेल. ती मशीनच्या स्टुलावर बसली. कितीतरी वेळ चाकावर नुसता हात फिरवत राहिली.

"त्या खोलीचा उंबरा नाही ओलांडला त्याने," ती म्हणाली. "घरी आला की इथेच बसायचा, नाकाला रुमाल लावून. म्हणायचा, आई, मला ढवळतं. धाकटा आतून हाक मारायचा. बाहेर गाडी थांबली की मला म्हणायचा, पट्टी नीट बांध, दादा आलाय, आज येईल आत. शेवटच्या रात्रीही विचारत होता, दादा आला का..."

ती उठली, दाराला कडी लावली आणि म्हणाली, "चल. मीही येते ऐकायला."

ती शेवटच्या रांगेत बसली. दादाच्या तोंडावर उजेड होता, त्याला मागचं दिसत नव्हतं. त्याने साक्ष दिली. नेहमीपेक्षा जास्तच रंगवली. गावातलेच लोक समोर, तरी जीभ अडखळली नाही! भाचा सांगतो, तेव्हा त्याला प्रथमच किळस आली. त्या सडलेल्या पायांची नाही. दादाच्या त्या ओल्या, गोड आवाजाची. दर शनिवारी तेच मढं बाहेर काढून त्याच्यावर टाळ्या मिळवायच्या, थू! आई रडली नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती.

मग दिवे गेले. सव्वानऊ वाजले होते.

दादा गुडघ्यांवर, हाताशी तसराळं. मागे भाचा, कोमट पाण्याचा जग घेऊन. एकेक खुर्ची मागे पडत होती. स्वच्छ, साबणाने घासून आलेली पावलं. पाणी, टॉवेल, पुढे. पाणी, टॉवेल, पुढे.

शेवटच्या खुर्चीशी वास आला.

आधी वाटलं, मोरी तुंबली असेल. पण मोरीचा वास असा गोड नसतो. हा गोड होता... घशात चिकटणारा. भाच्याने श्वास रोखला. मान वर करायची नाही. त्याने पायांकडे बघितलं.

पाय सुजलेले. चकाकणारे. उजव्याचा अंगठा नाही. डाव्याला पट्टी, पांढऱ्यावर निळी फुलं, पिवळं पाणी पाझरून कापड भिजलेलं.

दादाचे हात हवेत तसेच.

मग ते पाय... हलले. हळूहळू. एक पुढे आला, तसराळ्यात उतरला. मग दुसरा. कुणीतरी खूप दिवस वाट बघून आता घाई करू नये, तसे.

आणि थांबले.

दादाने मान वर केली नाही. नियम स्वतःचाच ना! तो उठला. खिशातून रुमाल काढला. नाकाला लावला. दोन पावलं मागे गेला आणि त्याच आवाजात म्हणाला, "चला, डोळे मिटूनच प्रार्थना करू या."

  खुर्चीकडून आवाज नाही. तक्रार नाही. काहीच नाही... पण ते पाय तसेच पाण्यात. वाट बघत.

मागून चपला काढल्याचा आवाज आला. आई अंधारातून आली, खाली बसली, तसराळं जवळ ओढलं.

"असू दे रे बाळा," ती म्हणाली. "तो नाही यायचा. मी आहे."

भाच्याला म्हणाली, "पाणी ओत."

त्याने डोळे घट्ट मिटले. ओतलं.

दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी होती, कोरडी ठणठणीत. आई तसराळ्याच्या तळाशी पडलेली पट्टी बघत होती. तिच्याच जुन्या चादरीची फाडलेली. गाठ मारून टोकं आत खोचलेली, ती एकटीच तशी गाठ मारायची. "त्याच्याबरोबर पुरली होती मी ही," ती म्हणाली.

आणि दादा? दादा जेवायला बसला होता. भाच्याने विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना?" तर म्हणतो, "मोरीचं काहीतरी करायला हवं, फादरांना सांगतो." आणि पुन्हा वाढून घेतलं. आईला न भेटता व्हॅनमध्येच झोपला.

त्याच रात्री आईने परसदारी एका पत्र्याच्या डब्यात पट्टी जाळली. भाचा शेजारी मोबाइलचा उजेड धरून उभा होता. कापड पुरतं जळून राख झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. राख गार झाल्यावर तिने ती कुंडीतल्या मातीत कालवली.

पुढच्या शनिवारी दुसरं गाव. भाच्याने बॅग भरून ठेवली होती, सकाळच्या बसने निघणार होता. रात्री दादा उभा राहिला. तीच साक्ष. तेच पाय, तोच प्रभू. भाचा मान खाली घालून ऐकत होता. आणि दादा थांबला... आवाज खाली आणला...

"मागच्या शनिवारी माझा भाऊ परत आला. माझ्या समोर बसला. आणि मी... मी पुन्हा त्याचे पाय धुतले."

सभागृह हुंदक्यांनी भरलं. निर्लज्जपणालाही काही सीमा? भावाला मेल्यावरही दारात ताटकळत ठेवलं, आणि त्याचीही साक्ष केली!

दादाचा आवाज फुटला, नेहमीच्या जागी. हात खिशात गेला, नेहमीसारखा. डोळे मिटलेले होते, त्यामुळे हातात काय आलं ते त्याने बघितलं नाही.

पुढच्या रांगेतल्या मुलीने नाक दाबलं. मग तिच्या शेजारचीने. मग सगळ्या रांगेने.

पांढऱ्यावर निळी फुलं. ओली. गाठ तशीच, टोकं आत खोचलेली.

दादाने ती डोळ्यांना लावली. मग गालांना... आणि मग ओठांना.