लॉरीची गोधडी

दुसरी मोठी लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी डेपोत जुन्या गाड्यांचे लिलाव व्हायचे. त्यातलीच एक छोटी लॉरी आमच्या मालकांनी घेतली आणि आमच्या गावी, आंबीत आणली. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, रंग ओल्या शेवाळाचा. गाव बघायला जमलं. आमच्या बैलांनी मात्र तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. त्यांचं कष्टाचं ओझं उतरलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव हौशीराम. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही. लिहायला हरकत नसावी.

आंबी, वराळे, तळेगावचं दूध कॅनमध्ये भरून ते पहाटे निघायचे, वडगाव, कामशेत करत लोणावळ्याच्या बंगल्यांना आणि हॉटेलांना पोचवायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी. धंदा चांगला बसला. फक्त ती केबिन म्हणजे पत्र्याचा डबा होता. पायाखाली इंजिनाची धग, फळ्यांची खडखड, दारांचा थरथराट, मागं कॅन एकमेकांवर आपटणार. मी एकदा वडगावपर्यंत त्यात बसून गेले आणि दिवसभर माझं डोकं जात्यात घातल्यासारखं घरघरत होतं.

"सरू, कानात रातकिडं बसल्यात," ते एकदा म्हणाले.

"पावसाळा हाय. बसायचेच."

"बारा म्हैनं बसल्यात."

आम्हाला मूलबाळ झालं नाही. घरात बोलायची मी आणि ऐकायचे ते, अशी आमची वाटणी होती. मी चुलीपुढून गावाची सगळी हकीकत सांगायची, ते ओट्यावरून 'व्हय', 'न्हाई' म्हणायचे, आणि नेमकं जिथं 'न्हाई' म्हणायला पाहिजे तिथंच म्हणायचे. त्या पावसाळ्यात ते सगळ्यालाच 'व्हय' म्हणायला लागले. तेव्हा मी त्यांना तळेगावला घेऊन गेले.

तळेगावच्या डॉक्टरांनी कानात नळी घालून बघितलं. म्हणाले, "गाडी सोडा, नाहीतर तिचा आवाज कमी करा. असंच चाललं तर वर्षात बहिरे व्हाल."

गाडी सोडणं शक्य नव्हतं. घरी येताना मी मनाशी ठरवलं, थंडीला जे चालतं ते आवाजाला का चालू नये. लॉरीला गोधडी शिवायची.

शेजारची विठाबाई माझ्याबरोबर शिवायला बसली. आमच्याकडं गोधडी एकटीनं शिवत नाहीत. तिनं केबिनचं माप घेतलेला सुंभ बघितला आणि म्हणाली, "लॉरीला थंडी वाजती का गं?"

"तिच्या आतल्या माणसाला वाजती."

"मंग त्याला घाल की कानटोपी."

पण शिवली तिनं मन लावून. फळ्यांवर डांबरात भिजवलेलं गोणपाट, त्यावर काथ्या. दारांचे आतले पत्रे मालकांनी काढून दिले, त्यात सावरीचा कापूस ठासला. टपाला आणि पाठीमागच्या पत्र्याला धनगराकडची घोंगडी दुहेरी घालून वरून गोधडी. तिच्यात माझी जुनी लुगडी, त्यांची धोतरं, मुंडाशी, सासूबाईंचं एक हिरवं पातळ. बारीक धावदोरा घातला आणि लाकडी पट्ट्यांनी सगळं ठोकून बसवलं. शेवटचा कोपरा पुढच्या काचेच्या वर आला. तो रिवाजाप्रमाणं बोटभर उघडा ठेवला. त्याला आम्ही वाट म्हणतो. प्रत्येक गोधडीला असते. ती का ठेवायची हे कुणी विचारत नाही. कालवणात मीठ का घालतात, हे तरी कोण विचारतं.

पहिल्या फेरीला मीही गेले. काय सांगू. केबिनमध्ये बसून दार ओढलं की देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटायचं. कामशेतच्या पुढं आम्ही हळू आवाजात बोलत होतो. इंद्रायणीला पूर होता. ते म्हणाले, "सरू, नदीला पानी लय आलंय बघ." मी म्हटलं, "आलंय खरं." एवढंच. पण ते त्यांना ऐकू आलं, आणि ते 'व्हय' म्हणाले नाहीत, नुसते हसले.

एकच खोट निघाली. गाडी पळायला लागली की त्या उघड्या कोपऱ्यात वारा शिरायचा आणि शिट्टी वाजायची. बारीक, सुईसारखी. लोणावळ्यात पोचेपर्यंत त्यांनी उजवा कान दाबून धरला होता.

"तेवढं शिवून टाक."

"वाट हाय ती."

"गोधडीला लागती वाट. ही काय अंगावर घेयाची हाय का?"

बाजारात लॉरी उभी करून, सीटवर गुडघे टेकून, दाभणानं मी तो कोपरा शिवला. चार टाके घट्ट. पुढं घरी आल्यावर विठाबाईनं ते बघितलं. टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ते पदराला पुसलं.

परतीच्या वाटेवर शिट्टी नव्हती. कॅनही वाजत नव्हते. मी दोनदा बाजूच्या काचेला गाल लावून मागं बघितलं, कॅन होते, हलत होते. इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त पायाला थोडी धग. घरी उतरल्यावर मी दार उघडं ठेवून गाठोडं काढत होते. मालक आतून काहीतरी म्हणाले. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

ते खाली उतरले. "भाकरी टाक म्हनलं."

दार तर सताड उघडं होतं. पण भूक लागली होती, मी भाकरी टाकायला गेले.

त्यांचे कान महिन्याभरात साफ झाले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. कोंबडीनं पंख झाडले तरी त्यांची मान वळायची. मी खूश होते, आणि खूश असले की मी जास्त बोलते, म्हणजे विचार करा.

मग एका दुपारी ते शेतावर असताना मी केबिन झाडायला गेले. दार ओढून घेतलं, म्हणजे धूळ बाहेरच्या वाळवणावर जायला नको. पाठीमागून कुणीतरी खोकलं. मालकांचाच खोकला, शेवटी घसा खाकरण्यासकट. मी वळले. पाठीमागं गोधडी होती.

"सरू, नदीला पानी लय आलंय बघ."

तेव्हा भात कापणीला आलं होतं. नदी पार खडकांपर्यंत उतरली होती.

मी झाडू घेऊन तशीच बाहेर आले. मनाला समजावलं, की विहिरीत हाक मारली तर परत येते, तसं काही असेल. परत यायला हाकेला थोडा जास्त वेळ लागला असेल.

त्यानंतर मी घरात कान लावून ऐकायला लागले. त्यांचं ताट वाजत नव्हतं. ते जेवत होते, पण बोटं ताटाला लागत होती ती सुती कपड्याला लागल्यासारखी. ते घोरेनासे झाले. वहाणा वाजेनाशा झाल्या. रखमाजी, विठाबाईचा नवरा, ओट्यावर दचकून उठला.

"हौशीभाऊ, मांजर हाईस का काय? कवा आलास?"

"आत्ताच की," मालक म्हणाले. रखमाजीनं पुढं वाकून विचारलं, "काय?"

सकाळी ते कोंबड्यांना दाणे टाकायचे. दाणे जमिनीवर पडले की कोंबड्या धावत यायच्या. आता ते मूठभर जोंधळे टाकायचे आणि कोंबड्या पाठ करून उकिरडा उकरत राहायच्या.

त्यांनाही कळत होतं. एकदा हात धुताना ते माझ्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, आणि ते मला कसंबसं ऐकू आलं, "सरू, माजं कायतरी कमी व्हतंय."

तळेगावच्या डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले, घसा तर उत्तम आहे.

मी कोपऱ्याचे टाके उसवले. उघड्या वाटेत बोट घालून बघितलं. आत ऊब होती, गुरांच्या नाकापाशी असते तशी. सकाळी बघितलं तर कोपरा शिवलेला.

विठाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू त्याला? बघ की, टाका तुजाच हाय."

माझाच होता. शेवटच्या टाक्याला मी दोरा दोनदा फिरवते, माझ्या आईची सवय. तशी गाठ होती.

पुन्हा उसवला. पुन्हा तेच. तोवर मालकांचे ओठ नुसते हलत होते. गिऱ्हाइकांशी बोलता येईना म्हणून लॉरी दारातच उभी होती आणि दुधाचा धंदा रखमाजी बैलगाडीनं करायला लागला होता.

मग मी विळा घेतला. सगळंच फाडून काढायचं. दुपारची वेळ, ऊन लख्ख. मालक अंगणात उभे राहून बघत होते. मी केबिनमध्ये चढले, दार आपोआप मागं लागलं, आणि मी टपाच्या पट्टीत विळ्याचं टोक घातलं.

"नको, सरू."

हात थांबला.

"फाडू नको. मी हितं हाय."

हे ते कधीच बोलले नव्हते. हा परत आलेला आवाज नव्हता.

काचेतून मला मालक दिसत होते. अंगणात, तोंड मिटून.

मी काच ठोकली. ठोकल्याचा आवाज आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याला नावानं हाक मारली, जीव खाऊन. "हौशीराम."

अंगणातल्या माणसानं मान वर केली नाही.

"ओ," पाठीमागची गोधडी म्हणाली.

मी विळा खाली ठेवला.

तुम्ही काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही. फाडलं तर तो आवाज त्यांच्या गळ्यात परत गेला असता, की वाऱ्यावर गेला असता, हे सांगायला कुणी नव्हतं. मी फाडलं नाही. रोज दुपारची जेवणं उरकली की मी तिथं जाऊन बसायला लागले. गावाची सगळी हकीकत सांगायची. मागून 'व्हय' यायचा, 'न्हाई' यायचा, जिथं पाहिजे तिथं. बाहेर ओट्यावर मालक बसलेले असायचे. मी घरात आले की त्यांच्या पायाला तेल लावायची. ते माझ्याकडं बघायचे आणि मी दुसरीकडं बघायची.

हल्ली विठाबाई माझ्याशी बोलताना पुढं वाकते.

काल दुपारी मला उशीर झाला. भांडी घासत होते, ती वाजत नव्हती, त्यामुळं काम संपल्याचंच कळेना. बाहेर आले तर ओटा रिकामा. मालक लॉरीत बसले होते, दार लावून. गाडी आल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी बघितलं नव्हतं. मान डोलवत होते. मध्येच हात वर करून, थांब, थांब, असं म्हणत होते, मी फार लांबड लावली की म्हणायचे तसं.

मी काचेला तोंड लावून सांगितलं, अवो, मी हितं हाय. बाहेर. इकडं बघा.

त्यांनी बघितलं नाही. ते थोडे सरकून बसले, आणि शेजारी वळून ऐकायला लागले. शेजारी कुणी नव्हतं. त्या जागेची गादी खोल दबलेली होती.