हरणाऱ्याने सुरुवात करायची

"पट आहे, होड्या आहेत. वाऱ्याचे पत्ते तेवढे गेले हो!" चित्रकार बाई म्हणाली आणि रडायलाच लागली.

रडणारं अशील आलं की काकांना कुठे बघावं ते कळत नसे. पण गुप्तहेर त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, आणि मदतनीस म्हणून काकांची नेमणूक परस्पर झालेली. तक्रार करणार कोणाकडे?

बाई, तिचा सुतार नवरा आणि तिचा थोरला भाऊ, गणिताचा मास्तर, असे तिघे मिळून चार वर्षं एक बैठा खेळ रचत होते. पत्त्यांवरच्या आकड्यांप्रमाणे होड्या हलवत वादळाआधी बंदरात आणायच्या. उद्या खेळ छापणारी कंपनी तो बघायला येणार होती.

"यासाठी नोकरी सोडली मी. उद्या जमलं नाही तर माझ्याकडे काहीच उरत नाही."

"पत्त्यांची दुसरी प्रत?" काकूंनी विचारलं.

"नाही. काही खटकलं की त्याच पत्त्यांवरचे पेन्सिलचे आकडे खोडून नवे लिहायचे. आकडे दादाचे."

"कमाल आहे तुमची!" काकांना राहवलं नाही.

खालच्या मजल्यावर सुतार एका होडीला पॉलिश पेपर मारत होता. "मीच म्हणालो होतो, ते पत्ते जाळून टाका. खेळ रटाळ झालाय, सगळा नव्याने मांडू. त्यावरून परवा कडाक्याचं वाजलं आमचं."

काकांनी काकूंना कोपर मारलं. सापडला की चोर!

"जिंकतं कोण?" काकूंनी शांतपणे विचारलं.

"कधी ही, कधी मी. मास्तर बिचारे सदानकदा हरतात."

"आणि सुरुवात?"

"हरणाऱ्याने पुढचा डाव सुरू करायचा. नियम त्यांचाच, भोगतातही तेच!" सुतार हसला.

मास्तर स्वयंपाकघरात पेपर तपासत बसले होते. भलेमोठे गुणाकार तोंडातल्या तोंडात करून लाल शेरे मारणं चाललं होतं.

"पत्त्यांवरचे आकडे लिहून द्याल?" काकूंनी विचारलं.

"नाही आठवत," मास्तर मान वर न करता म्हणाले.

काकूंनी सगळ्यांना वर, पटापाशी बोलावलं.

"सुतारभाऊंनी रागाने केलं असतं तर पटही फोडला असता. चोराने बाईंच्या चित्राला ओरखडा येऊ दिला नाही, फक्त आकडे नेले. ते ज्यांच्या डोक्यातून आले, त्यांनाच आठवत नाहीत! आणि आपल्याच आकड्यांच्या खेळात मास्तर दर डाव हरतात. अहो, हरलं की काय मिळतं इथे?"

"पुढची सुरुवात," काका म्हणाले, आणि आपण बरोबर बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

"म्हणजे त्या जागेवर दुसरं कोणी बसतच नाही. मास्तर, जो सुरू करतो तो जिंकतोच ना?"

मास्तरांनी कोटाच्या खिशातून पत्ते काढले. "सुरू करणाऱ्याला मुद्दाम चुकल्याशिवाय हरताच येत नाही. कंपनीच्या लोकांनी पहिल्याच डावात ओळखलं असतं. चोरी झाली म्हटलं तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या तुला."

"दुरुस्त कर ना मग!"

"तेच करतोय गं इतकी वर्षं. एकीकडे सांधलं की दुसरीकडे फुटतं. नाही होत."

"आधी का नाही सांगितलंस, दादा?"

"तू राजीनामा देऊन पेढे... नाही, नुसती नाचत घरी आलीस ना, त्याच रात्री कळलं मला."

बाईने डोळे पुसले. "मांड. सुरुवात मी करते. आणि आज खरं खेळ."

मास्तर जिवाच्या आकांताने खेळले. कपाळावर घाम आला. एकदा, फक्त एकदा यांनी जिंकावं, असं काकांना फार वाटलं. बाईच्या सगळ्या होड्या बंदरात लागल्या. मास्तर हरले.

सुताराने सवयीने पत्ते पिसले आणि मास्तरांपुढे ठेवले. त्यांना कोणी हात लावला नाही.