एका ताटातली दूध-भाकरी

फोड्या माणसाला आयुष्यात एकदाच लागू पडतो, हे मिरजेत आता रिक्षावाल्यालासुद्धा माहीत होतं. मागं बसलेलं पाहुणं नुसतं शिंकलं, तरी तो वळून विचारायचा, "पेशंटला भेटून आलाय काय?"

फोड्या म्हणजे कॅन्सरवरचा विषाणू. साध्या सर्दीचाच, पण प्रयोगशाळेत असा बदललेला, की कॅन्सरच्या पेशीत शिरून वाढायचा आणि ती फोडायचा. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. पेशंटांनी फोड्या केलं.

"रेवणला नाही देता येणार," डॉक्टर शिरगुप्पेबाई म्हणाल्या.

गिरिजानं टेबलावर हात आपटला. "का नाही? मला दिला की! दोन वर्षं ठणठणीत आहे मी. सख्खा भाऊ आहे तो माझा. आतड्याचा आजार पण तोच, बापाकडनं आलेला."

"ऐका तरी. कॅन्सर शरीरात घरचाच माणूस असल्यासारखा वावरतो, म्हणून शरीराचे पहारेकरी त्याला हात लावत नाहीत. फोड्या गाठ फोडतो, आतला कचरा बाहेर येतो, तेव्हा कुठं ते जागे होतात आणि त्याला संपवतात. पण ते फोड्यालाही ओळखून ठेवतात. पुढच्या वेळी गाठीपर्यंत पोचूच देत नाहीत, वाटेतच धरतात. रेवणच्या रक्तात ती ओळख आधीच आहे."

"मग गोळ्या देऊन झोपवा की त्या पहारेकऱ्यांना!"

"आणि कॅन्सरला मारणार कोण? फोड्या नुसतं दार फोडतो, गिरिजा."

रेवण खिडकीपाशी बसला होता. तेवीस वर्षांचा, टेम्पो चालवून रापलेला. "अक्का, डॉक्टरबाईंचं डोकं नको खाऊस. बाहेर वीस पेशंट बसलेत."

"तू गप रे! बाई, याला फोड्या लागला कधी?"

"उपचार चालू असलेल्याच्या थुंकीत तो महिनाभर असतो. निरोगी माणसाला लागला तर दोन दिवस नाक गळतं, बस्स." बाई रेवणकडं वळल्या. "कुणाचं उष्टं खाल्लं होतंस?"

रेवण खिडकीबाहेर बघत राहिला. गिरिजाचा सगळा राग खाली बसला.

त्यांच्या घरात आजारी माणसाला एकट्यानं जेवू देत नसत. दोन वर्षांपूर्वी फोड्या दिल्यावर काचेच्या खोलीत तापानं फणफणत तिनं पाच दिवस ताट ढकललं होतं. सहाव्या दिवशी हा मास्कबिस्क फेकून आत आला. दुधात भाकरी कुस्करली, एक घास तिला, एक स्वतःला. म्हणाला, "तू नाही खाल्लंस तर मी पण उपाशीच टेम्पोवर जातो, मग ठोकतो कुठंतरी." तिनं खाल्लं. ताट एक, हात एक.

"दुसरा एक विषाणू आहे," बाई म्हणाल्या. "अजून चाचणीतच. दहातल्या तिघांना लागू पडतो. देऊ आपण. पण गिरिजा, तुमचा आजार पिढीजात आहे, कधीही उलटेल. उलटला तर तुमच्यासाठीही आता हा एकच विषाणू उरलाय. रेवणकडून आत्ताच लागला, तर तोही हातचा जाईल. चाळीस दिवस याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

नवा विषाणू दिल्याच्या अकराव्या दिवशी रेवणची हाडं वर आली होती. काचेपलीकडं ताट तसंच पडलेलं.

"चार दिवस झाले, काही घेत नाही," सिस्टर म्हणाली. "अंगात ताकदच नसेल तर पहारेकरी लढणार कशाच्या जोरावर? घरचं कुणीतरी…" आणि गिरिजाकडं बघून ती थांबली, निघून गेली.

दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती, तीही बाहेरून.

गिरिजा काचेसमोरच्या खुर्चीत बसली होती, मोबाईल कानाला लावून. "खा ना रे. दोन घास. खा की मुडद्या!" तिनं जीभ चावली.

पलीकडं रेवण हसल्यासारखा झाला. "खातो. जरा वेळानं."

फोनमध्ये त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. गिरिजानं कडीकडं बघितलं, मग मांडीवरच्या आपल्या हाताकडं.

रेवणनं उशीवरून पंजा उचलला, कुणाला तरी अडवावं तसा.

"नको, अक्का. आत येऊ नकोस हां. माझी शप्पथ."

गिरिजा खुर्चीवरून हललीसुद्धा नव्हती.